गाडीतलं गाडीत

फोन वाजला की चांगदेवदादा तो स्वतः उचलत नसे. शेजारी बसलेला उचलत असे.

हिरवं बटण दाबायचं, लगेच स्पीकर लावायचा, आणि फोन दादाच्या तोंडासमोर ताटलीसारखा आडवा धरायचा.

पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "गाडीत कोन कोन हाय?" दादा नावं सांगायचा. ज्यांची नावं घेतली, ते सगळे मग त्या बोलण्यात.

रस्त्यात कुणी फोन कानाला लावून वळून उभा दिसला, की दादा म्हणायचा, "काय चोरलंन यानं?"

स्टॅण्डवर गाडी लावली की पुढच्या काचेवर दोन टिचक्या मारायचा. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पाण्याची बाटली डावीकडे असली तर हाताने चाचपत शोधायचा.

वळताना नुसती मान नाही, अख्खा खांदा वळवायचा. आणि डावीकडे बसलेल्याला विचारायचा, "साफ हाय का?"

शेवटच्या दोन गोष्टी मी दोन वर्षं रोज पाहिल्या. सवयी समजून पाहिल्या.

चांगदेव ठाकूर. वय बावन्न. रेवदंडा ते अलिबाग मिनीडोर चालवायचा. तीन चाकांची पत्र्याची गाडी. पुढे चालकाच्या डावीकडे एक जण बसतो. मागे दोन बाकं समोरासमोर, त्यांवर मावतील तितके. मी चौलला चढायचो. साहित्यात बीए करून मुंबईहून परत आलो होतो आणि अलिबागच्या एका क्लासमध्ये मराठी शिकवत होतो. दादा मला मास्तर म्हणायचा. सात चाळीसच्या फेरीला पुढची जागा माझ्यासाठी धरून ठेवायचा.

मुंबईत मी तीन वर्षं हॉस्टेलला होतो. पहिल्याच आठवड्यात खोलीतला एक जण मला म्हणाला होता, "तुझी आई काय बोलते ते आम्हाला का ऐकवतोस?" त्यानंतर मी जिन्यात जाऊन बोलायला शिकलो. तोंडावर हात धरून. परत आल्यावर दादाच्या गाडीत पहिल्या दिवशी माझा फोन वाजला, तेव्हा माझा हात आपोआप तोंडावर गेला.

मागून चंद्राबाईने विचारलं, "मास्तर, आई हाय का पोरगी?"

गाडी हसली. आईच होती. मी स्पीकर लावला. चंद्राबाईने माझ्या आईला विचारलं की काल वालाचं बिरडं कडू का झालं होतं. आईने सांगितलं. नागावपर्यंत दोघी बोलत राहिल्या.

चंद्राबाई अलिबागच्या बाजारात भाजी विकते. वय साठीच्या पुढे. गाडीचा कायदा तिने मला सांगितला. गाडीतलं गाडीत. जे कानावर पडलं ते उतरताना गाडीत ठेवून उतरायचं. घरी नाही सांगायचं, पारावर नाही, नवऱ्यालाही नाही.

मला हे खरं वाटलं नव्हतं. मग एका सकाळी आमच्याबरोबर रोज येणारी सोनल गाडीत असताना तिला डॉक्टरचा फोन आला. पोटातलं मूल गेलं होतं. आम्ही आठ जणांनी ऐकलं. चंद्राबाईने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. दादाने गाडी बाजूला लावली. आज दोन वर्षं झाली. चौलमध्ये ही गोष्ट मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. इथेही सोनलला विचारून लिहितो आहे.

जानेवारीतला मंगळवार होता. दादा आदल्या आठवड्यात पनवेलला डोळे तपासून आला होता. चष्मा लागला असेल म्हणून गेला होता. तिथे त्याला एका यंत्रात डोकं घालायला लावलं. उजेडाचे ठिपके दिसले की बटण दाबायचं. "पोरांचा खेल," असं तो आम्हाला सांगत होता. डॉक्टर त्या दिवशी ऑपरेशनमध्ये होते. रिपोर्ट फोनवर सांगतो म्हणाले होते.

चौल सोडलं आणि फोन वाजला. रस्ता तिथे अरुंद आहे. दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या, कुंपणं रस्त्याला टेकलेली. मी फोन उचलला. हिरवं बटण, स्पीकर. विचार केला नाही.

"चांगदेव ठाकूर बोलतायत का? मी पनवेलहून बोलतेय, डोळ्यांच्या हॉस्पिटलमधून."

"बोला म्याडम."

"तुम्ही एकटे आहात का? आजूबाजूला कोणी आहे?"

दादा हसला. "गाडी भरून मानसं हायत. सगली घरचीच."

"मग नंतर बोलू या का? तुम्ही मोकळे झालात की..."

"सांगा वो. लपवायचं काय हाय?"

ती थोडी थांबली. मी फोन धरून होतो. मुंबईत तीन वर्षं राहिलेला, जिन्यात जाऊन बोलायला शिकलेला मी. ते थांबणं मला कळलं. ती काय विचारते आहे ते गाडीत फक्त मला कळलं होतं. स्पीकर बंद करायला एक बोट पुरलं असतं.

"काका, काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. समोरचं तुम्हाला दिसतं, पण बाजूचं गेलंय. डावीकडचं जवळजवळ सगळं. गेलेलं परत येत नाही. आहे ते वाचवायला लवकर यायला हवं. आणि डॉक्टरांनी लिहिलंय, गाडी अजिबात चालवायची नाही." मग तिने विचारलं, "तुम्ही चालवत नाही ना?"

दादाचे दोन्ही हात हॅण्डलवर होते. काटा चाळीसवर होता. समोरून वाळूचा डंपर येत होता.

"न्हाय," दादा म्हणाला. "मी दुपारी फोन करतो."

मी बटण दाबलं. डंपर गेला.

मागे मुंबईचं एक जोडपं बसलं होतं, नागावला निघालेलं. त्याच्या कानात इअरफोनची पांढरी बोंडं होती. तो बाहेरच्या माडांचा व्हिडिओ काढत होता आणि हसत होता. त्याने काहीच ऐकलं नव्हतं. तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, "भाऊ, गाडी थांबवा. आम्ही इथेच उतरतो."

"नागाव पुढं हाय ताई."

"चालेल. थांबवा."

त्याने कानातलं काढलं. "काय झालं?"

"चल तू. सांगते नंतर."

उतरल्यावर ती माझ्या बाजूला आली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "सॉरी. आम्ही ते ऐकायला नको होतं. पण तुम्ही हे कुणाला तरी कळवा. प्लीज."

मागून चंद्राबाई म्हणाली, "कानात सांगितलं असतं तर डोला बरा झाला असता काय गो?"

ती गेली. मी दिवसभर तिच्या दोन वाक्यांचा विचार करत होतो. तिच्या लेखी ऐकणं चूक होतं आणि सांगणं कर्तव्य. आमच्या गाडीत ऐकण्याला कुणाची हरकत नव्हती. सांगणं हा गुन्हा होता.

दादाने गाडी पुन्हा चालू केली नाही. स्टार्टरवर हात ठेवून बसला.

"उतरायचं त्यानं उतरा," तो म्हणाला. "आजचं भाडं नको."

कुणी उतरलं नाही. मग चंद्राबाई वाकून पुढच्या जाळीशी तोंड आणून म्हणाली, "चल रे. माजी मेथी सुकते. मास्तर, डावीकडं बघ."

मी बघितलं. अलिबागपर्यंत बघत राहिलो. सायकल. कुत्रा. दोन बाया. खांब. मोठ्याने बोलत होतो. स्टॅण्डवर उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. दादाने काचेवर टिचक्या मारल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून एक व्यवस्था सुरू झाली. ती कुणी ठरवली नाही. त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. सात चाळीसला पुढे मी. साडेनऊला रेवदंड्याचा गणराज, पोस्टातला. दुपारच्या परतीला चंद्राबाई, रिकामी पाटी मांडीवर घेऊन. पुढची जागा कधी नवख्याला मिळाली नाही. दादा विचारायचा, "साफ हाय का?" आणि आम्ही आता खरोखर बघून उत्तर द्यायचो. तो हळू चालवायचा. गाडी भरून जायची. काही लोक मात्र आमची गाडी दिसली की चपलेचा अंगठा दुरुस्त करत बसायचे आणि पुढची गाडी घ्यायचे. तेही कुणाला काही सांगत नव्हते.

एकदा मी विषय काढला.

"दादा, पनवेलला कधी जायचं?"

"जाऊ."

"त्या म्हणाल्या लवकर."

"गाडीचे सहा हप्ते ऱ्हायलेत मास्तर. ते झाले का जातो." मग जरा वेळाने, "गोदूला बोललास तर बघ."

गोदूवहिनी म्हणजे दादाची बायको. चौलच्या एका वाडीत सुपारी सोलायला जाते. तिला काही माहीत नव्हतं. अख्ख्या रस्त्याला माहीत होतं आणि तिला नव्हतं. मुंबईत असं झालं असतं तर घरच्यांना आधी कळलं असतं आणि रस्त्याला कधीच नाही.

एका रविवारी मी सांगायचं ठरवून त्यांच्याकडे गेलो. दादा गाडी धुवायला विहिरीवर गेला होता. वहिनीने चहा ठेवला. तिची बोटं सुपारीने तपकिरी झालेली. ती म्हणाली, "हल्ली हे रात्री दाराला आपटतात. चष्मा कधी येनार, तुला काय बोलले?"

मी कप खाली ठेवला. वाक्य तयार होतं. वाटेत तीनदा मनात म्हणून झालं होतं.

"विचारतो," मी म्हणालो.

चहा संपवला आणि उठलो. बाहेर आल्यावर मला खांद्यावर चंद्राबाईचा हात असल्यासारखं वाटत होतं. शाबासकी देणारा. मला ती नको होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी मला पनवेलच्या एका कॉलेजात मुलाखतीला जायचं होतं. पहाटेच्या एसटीने गेलो. माझी जागा कुणाला तरी द्यायला हवी होती. पण कुणाला काय सांगणार? "उद्या सात चाळीसला माझ्याऐवजी तू बस, कारण..." ते कारण उच्चारायचं नाही असंच तर आमचं ठरलं होतं. आणि तेही न बोलता ठरलं होतं. मनात म्हटलं, गणराज बसेल. गणराज नेहमीसारखा साडेनऊला येणार होता.

त्या दिवशी काय झालं ते चंद्राबाईने मला सांगितलं. पुढे एक परका माणूस बसला. शर्टपॅण्टमधला, अलिबागला काही कामाला आलेला. त्याच्या कानात ती बोंडं होती. तो त्याच्या साहेबाशी बोलत होता. आवाज अगदी हळू. मागे कुणाला त्रास होणार नाही असा. सभ्य माणूस.

नागावला एका म्हातारीला उतरायचं होतं. दादाने गाडी डावीकडे घ्यायला सुरुवात केली आणि विचारलं, "साफ हाय का?"

तो माणूस समोर बघत होता. त्याचा साहेब त्याला काहीतरी सांगत होता. त्याने मान हलवली. हो, हो.

दादाने ती मान पाहिली. गाडी वळवली.

पूनम आठवीत आहे. सायकलवरून शाळेत निघाली होती. गाडीच्या धक्क्याने पुढच्या चाकासकट कुंपणात गेली. डावा हात मनगटात मोडला. डोक्याला काही झालं नाही. हे शेवटचं वाक्य मी स्वतःला पुन्हा पुन्हा म्हणतो.

मला फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यात होतो. चंद्राबाईचा आवाज.

"कोन हाय बाजूला?"

"कुणी नाही."

तिला ते उत्तर नवं होतं. मग म्हणाली, "चौकीवर ये."

मी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. चौकीत बाकावर आमची गाडी बसली होती. चंद्राबाई, गणराज, नेहमीचे चार जण. पूनमचा बाप हर्षद कोपऱ्यात उभा. तो परका माणूस खुर्चीवर. हवालदार जबाब लिहीत होता.

"मी कॉलवर होतो," परका माणूस म्हणाला. "मला काही माहीत नाही. यांनी मला काही विचारलं होतं का?"

"पोरगीची सायकल हलली," गणराज म्हणाला. तो गाडीत नव्हताच. "नागावचा रस्ताच तसा हाय."

"तुम्ही होतात का तिथे?"

"रोज जातो साहेब. मना माहीत हाय रस्ता."

चंद्राबाई पुढे झाली. "साहेब, याचा डोला घारीसारका हाय. वीस वरसं बसते मी. पोरगी मधी आली."

हर्षदने तिच्याकडे पाहिलं. त्याची मुलगी हॉस्पिटलात होती. तो हळू आवाजात म्हणाला, "मधी आली असेल. मी काय तिथं नव्हतो."

हवालदाराने लिहायला सुरुवात केली. मुलगी अचानक मध्ये आली. मला त्याच्या पेनाचा आवाज ऐकू येत होता. आम्ही सात जण दादाला वाचवत होतो. मी बोलत नव्हतो, पण वाचवत मीही होतो.

दादा भिंतीकडे बघत बसला होता. त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मास्तर, त्या पनवेलच्या बाईचा लंबर लाव."

"आत्ता?"

"लाव."

"दादा, बाहेर जाऊ या. बाहेर बोलू."

"हितंच. स्पीकर लाव."

चंद्राबाई म्हणाली, "चांगदेवा, गप ऱ्हा."

"तू गप ऱ्हा आत्ते. लाव रे."

मी नंबर लावला. फोन तळहातावर आडवा धरला. दादाने माझं मनगट धरलं. तीन वेळा रिंग गेली.

"चांगदेव काका? अहो, तुम्ही फोन करणार होतात. तीन आठवडे झाले. मी दोनदा केला, उचलला नाही तुम्ही. एकटे आहात का?"

"न्हाय. चौकीत हाय. पोलिस हायत, पोरीचा बाप हाय. माज्या डोल्याचं त्या दिवशी बोललात ते परत बोला. जोरात."

ती म्हणाली, "काका, काही झालंय का?"

"बोला तुम्ही."

ती बोलली. डावीकडचं जवळजवळ काही दिसत नाही. गाडी चालवू नका असं सांगितलं होतं. तारीख सांगितली. हवालदाराने पेन खाली ठेवलं. गणराज जमिनीकडे बघू लागला. परक्या माणसाने कानातली बोंडं काढून मुठीत घेतली. मला वाटतं, आता त्याला कळलं की त्याला काय विचारलं होतं.

"तुम्ही चालवत होतात?" फोनमधून प्रश्न आला.

"व्हय," दादा म्हणाला.

तेव्हा मला दारात गोदूवहिनी दिसली. ती केव्हा आली होती, माहीत नाही. हाताला सुपारीची साल चिकटलेली. तिने दादाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तू माज्याकडं चहा पिऊन गेलास."



दादा उठून हर्षदसमोर उभा राहिला. हात जोडले नाहीत. म्हणाला, "पोरगी मधी न्हाय आली. मना दिसली न्हाय." हर्षदने दादाच्या डोळ्यांसमोर, डावीकडून, आपला हात हळूच वर केला. दादाची नजर हलली नाही. हर्षदने हात खाली घेतला आणि तो बाहेर गेला.

दादाचं लायसन ठेवून घेतलं. केस झाली. हप्ते राहिलेली गाडी कर्ज देणारा घेऊन गेला. चंद्राबाई महिनाभर दादाच्या घरासमोरून गेली नाही. मला म्हणाली, "आमी त्याच्यासाठी खोटं बोललो, आनि त्यानं आमाला खोटं पाडलंन." ती चिडली होती का रडत होती, ते मला कळलं नाही. मी आता दुसऱ्या गाडीने जातो. तिथेही स्पीकर लागतो. माझा फोन वाजला की मी तो कट करतो.

चौकीवरून निघताना दादाने पूनमची सायकल मागून घेतली होती. पुढचं चाक पार वाकलं होतं. ते उचलून धरून, मागच्या चाकावर ढकलत तो नागावहून चौलपर्यंत चालत आला. मी त्याच्या डावीकडून चाललो. वाटेत त्याने मला एकदाही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अलिबागहून नवी रिम आणि छत्तीस तारा मागवल्या. सायकलच्या दुकानात देऊ या म्हटलं, तर नको म्हणाला. अंगणात सायकल उलटी उभी केली आणि बसला. डोळ्यांनी नाही, बोटांनी करत होता. भोक चाचपायचं, तार ओवायची, नखाने वाजवून ताण बघायचा. एक तार बसायला अर्धा तास लागायचा. वहिनी त्याच्याशी बोलत नव्हती, पण दिवा आणून शेजारी ठेवायची.

सोमवारी पनवेलहून फोन आला. खाट रिकामी झाली होती, लगेच या. डोळ्यातला दाब कमी करायचं ऑपरेशन. आहे तेवढं राहावं म्हणून. फोन वहिनीने घेतला. तिने तो कानाला लावला, आत गेली आणि दार लोटून बोलली. तासाभरात दोघं निघाली. तिथून दादा पेणला बहिणीकडे आहे. धुळीत जायचं नाही असं सांगितलंय.

काल मी त्यांच्या घरावरून गेलो. सायकल अंगणात तशीच उलटी आहे. पुढच्या चाकात चौदा तारा बसल्या आहेत. एकवीस पिशवीत आहेत, पिशवी पेडलला अडकवलेली. पंधरावी तार एका टोकाने ओवलेली आहे. दुसरं टोक मोकळं आहे.